होटगी रोडची धावपट्टी

सोलापूर शहरातून होटगीकडे जाणारा रस्ता धरला की मजरेवाडीच्या वस्त्यांनंतर विमानतळाची संरक्षक भिंत लागते. भिंतीपलीकडे सुमारे २,१०० मीटर लांबीची एकच धावपट्टी आहे. ती वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेली असल्यामुळे तिच्या एका टोकावर १५ आणि दुसऱ्या टोकावर ३३ असे आकडे रंगवलेले आहेत. होकायंत्रावरच्या अंशांतला शेवटचा शून्य काढला की हे आकडे मिळतात. दीडशे अंशांकडे तोंड करून येणारे विमान १५ च्या टोकावर उतरते, उलट दिशेने येणारे ३३ वर. जगातल्या प्रत्येक धावपट्टीची ओळख याच पद्धतीने ठरते. मग ती दिवसाला हजार विमाने झेलणारी मुंबईची असो, नाहीतर वर्षानुवर्षे विमानाची वाट पाहिलेली आपली असो.

एखाद्या शाळेचा किंवा बँकेचा इतिहास लिहायचा तर इमारत, संस्थापक, सभासद अशा क्रमाने जाता येते. विमानतळाचे तसे नाही. सोलापूरला धावपट्टी होती, विमाने लावायला जागा होती, टर्मिनलची इमारत होती आणि राज्यकर्त्यांची विमाने तिथे उतरतही होती. आषाढी एकादशीला पंढरपूरच्या शासकीय महापूजेच्या वेळी आणि निवडणुकीच्या हंगामात तर या धावपट्टीवर चांगलीच वर्दळ असे. नव्हते ते फक्त तिकीट काढून बसता येईल असे विमान. ते का नव्हते, याची बहुतेक सगळी कारणे विमानतळाच्या भिंतीबाहेर होती. त्यामुळे हा इतिहासही मुख्यतः भिंतीबाहेरचाच आहे.

विमान आणि सोलापूर यांचे नाते मात्र धावपट्टीपेक्षा जुने आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच शहरात झाला. बार्शी लाइट रेल्वेच्या कामात फाटक नावाच्या गृहस्थांच्या भागीदारीत ठेकेदारी करून त्यांनी उद्योगात पाऊल टाकले आणि पुढे सिंदिया ही जहाज कंपनी, वालचंदनगरचा साखर कारखाना, मोटारींचा कारखाना असा पसारा उभा केला. १९३९ मध्ये अमेरिकेला जाताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि भारतात विमाने बांधायची कल्पना तिथे पक्की झाली. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. युद्धकाळात, १९४२ मध्ये, सरकारने ती आपल्या हाती घेतली. आजच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे, म्हणजे एचएएलचे, मूळ ते हेच.

वालचंदांचे नाव सोलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. ही पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या कारखान्याला लागून असलेल्या एका धावपट्टीवर बंगळूर शहराची सगळी प्रवासी वाहतूक मे २००८ पर्यंत चालत होती. माहिती-तंत्रज्ञानाची भरभराट झाली, देशोदेशींचे पाहुणे आले, ते सगळे कारखान्याच्या त्या एकाच पट्टीवर उतरले. देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाल्यावरच तिचा भार हलका झाला. शहराच्या पोटातली एकच धावपट्टी किती काम करू शकते याचा हा धडा एका सोलापूरकराच्या कारखान्याच्या अंगणातच होता. आपल्याला तो फार उशिरा आठवला.

एकाच धावपट्टीवर गर्दी कशी चालते हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण सोलापूरच्या प्रवाशाच्या वेळापत्रकाशी त्याचा थेट संबंध आहे. मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरली जाते, आणि व्यवहारात मुंबई हा एका धावपट्टीचा विमानतळ ठरतो. ८ डिसेंबर २०१८ रोजी तिथे चोवीस तासांत १,००७ उड्डाणे व अवतरणे झाली. म्हणजे दिवसरात्र सरासरी ८६ सेकंदांना एक विमान. लंडनच्या गॅटविक विमानतळावर गर्दीच्या तासात एकाच धावपट्टीवर ५५ विमानांपर्यंत मजल जाते.

यातली सगळी कसरत सेकंदांची असते. उतरलेले विमान धावपट्टी जितक्या लवकर मोकळी करेल तितके पुढचे विमान लवकर येऊ शकते. त्यासाठी काटकोनात नव्हे, तर तिरप्या दिशेने बाहेर पडणारे मार्ग बांधलेले असतात, म्हणजे विमानाला फारसा वेग न कमी करता वळता येते. धावपट्टीला समांतर असा टॅक्सी-वे असतो आणि उड्डाणाच्या रांगेतली विमाने त्यावर थांबतात. जड विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे उठतात, त्यामुळे मोठ्या विमानामागून छोटे विमान सोडताना अंतर जास्त ठेवावे लागते. म्हणून नियंत्रण कक्षातली माणसे शक्यतो सारख्या वजनाची विमाने एकामागून एक लावतात. दोन अवतरणांच्या मधल्या फटीत एक उड्डाण बसवतात. वैमानिकाने 'तयार' म्हणायला दहा सेकंद जास्त लावले तर ती फट हातची जाते आणि मागच्या विमानाला आकाशात आणखी एक घिरटी घालावी लागते. या सगळ्यात डागडुजीला वेळ मिळत नाही. पावसाळा संपला की मुंबईची धावपट्टी काही तास मुद्दाम बंद ठेवतात, आणि त्या दिवसाचे वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरते. पुण्याची लोहगावची धावपट्टीही एकच, आणि ती हवाई दलाची. तिच्या पृष्ठभागाचे काम निघाले तेव्हा १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस पुण्याची प्रवासी विमाने पूर्ण बंद होती. दुसरी पट्टी नसली की पर्यायही नसतो.

होटगी रोडवर याच्या नेमके उलटे चित्र आहे. इथे समांतर टॅक्सी-वे नाही. उतरलेले विमान पट्टीच्या टोकाशी जाते, तिथे रुंद केलेल्या जागेत वळते आणि त्याच पट्टीवरून परत येऊन विमाने उभी करायच्या जागेकडे, म्हणजे एप्रनकडे, जाते. तेवढा वेळ पट्टी त्याच विमानाची असते, दुसऱ्या कुणाला उतरता येत नाही. मुंबईला असे घडले तर आकाशात रांग लागेल. सोलापूरला आजच्या वाहतुकीत त्याने काही अडत नाही. मात्र उद्या एकाच तासात चार-पाच विमाने यायची म्हटली तर हाच पहिला अडथळा ठरेल. धावपट्टी लांब करा, अशी मागणी सतत होते. माझ्या मते आधी समांतर मार्गाची मागणी व्हायला हवी. पण त्याच्या बातम्या होत नाहीत.

प्रवासी विमान सोलापूरला पहिल्यांदाच आले ते २०२५ मध्ये, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस किंगफिशर एअरलाइन्सची मुंबई-सोलापूर सेवा काही काळ सुरू होती. सोलापूरचे व्यापारी, डॉक्टर, वकील त्या विमानाने जात. पुढे ती सेवा थांबली, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली. त्यानंतर जवळजवळ दीड दशक सोलापूरकरांनी पुन्हा आपल्या जुन्या सवयी पाळल्या. मुंबईला जायचे तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. पुण्याला जायचे तर पहाटेची हुतात्मा. परदेशी जायचे तर अडीचशे किलोमीटरवरचे पुणे नाहीतर तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद गाठायचे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि तो प्रवास साडेसहा तासांवर आला. रेल्वेच्या बाबतीत सोलापूर कधीच आडगाव नव्हते. विमानाची गरज इतकी वर्षे थोपवून धरता आली, त्यात या सोयीचाही वाटा आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने 'उडान' योजना जाहीर केली. योजनेचा हिशेब सरळ होता. सुमारे एका तासाच्या प्रवासाचे ठरावीक जागांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत ठेवायचे आणि कंपनीला पडणारी तूट भरून द्यायची. हा भार केंद्राने ८० टक्के आणि राज्याने २० टक्के उचलायचा. राज्याने इंधनावरचा कर कमी करायचा. त्या मार्गावर तीन वर्षे दुसऱ्या कंपनीला येऊ द्यायचे नाही. पहिल्या फेरीत महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची नावे आली, त्यांत नांदेड, नाशिक, जळगाव, कोल्हापूर यांच्याबरोबर सोलापूरही होते. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गाबरोबर नांदेड-हैदराबाद मार्गाचाही प्रारंभ झाला. जळगाव, नाशिक, कोल्हापूर इथेही विमाने आली. सोलापूर तेवढे राहिले.

या राहण्यामागचे कारण शहरात कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: चिमणी.

कुमठे येथील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना हा आप्पासाहेब काडादींच्या पुढाकारातून उभा राहिलेला सहकाराचा जुना वाडा. सोलापूर परिसरातल्या हजारो ऊस उत्पादकांचे घर त्यावर चालते. कारखान्याने सहवीजनिर्मितीचा प्रकल्प उभारला आणि त्यासाठी सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी बांधली. चिपाड जाळून वीज तयार करायची, ती विकायची आणि ऊसदराला आधार द्यायचा, हे गणित राज्यभरातल्या कारखान्यांनी मांडले होते. त्यात वावगे काही नव्हते. अडचण होती ती जागेची.

विमानतळाभोवतीच्या आकाशाला अदृश्य भिंती आणि छपरे असतात. धावपट्टीच्या टोकापासून सुरू होऊन बाहेर उंच होत जाणारी उतरणीची पातळी असते आणि तिच्यात काहीही घुसता कामा नये. उड्डाणाच्या बाजूला ही पातळी साधारण दोन टक्क्यांची धरतात. म्हणजे टोकापासून अडीच किलोमीटरवर ५० मीटर उंची. ९० मीटरची वस्तू त्या वाटेत उभी करायची तर ती साडेचार किलोमीटरपलीकडे हवी. बाजूंना विमानतळाभोवतीच्या वर्तुळात जमिनीपासून सुमारे ४५ मीटरवर आणखी एक आडवे छप्पर कल्पिलेले असते. भोवतालची जमीन सपाट धरली तर ९० मीटरची चिमणी त्या छपरातून तितकीच वर डोकावते. एक इंजिन बंद पडले तरी विमान कुठेही न अडता वर चढू शकले पाहिजे, म्हणून हे नियम असतात. रोजचे विमान चिमणीपासून दुरूनच जाते, मग हरकत काय, असा प्रश्न त्या काळात पुष्कळदा विचारला गेला. हरकत रोजच्या विमानाची नसते, हजारात एखादे बिघडते त्याची असते.

प्रकरण पालिकेकडे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, न्यायालयांकडे फिरत राहिले. एकदा पाडकामाला आलेली यंत्रणा सभासद शेतकऱ्यांच्या विरोधामुळे परत गेली. २०२२ च्या अखेरीस सोलापूर विकास मंचाने विमानसेवेसाठी चक्री उपोषण केले. कारखान्याच्या बाजूनेही मोर्चा निघाला. शहर आणि गाव, व्यापारी आणि शेतकरी, पुण्या-बंगळूरला गेलेल्या मुलांचे आईबाप आणि उसाच्या फडातली माणसे अशी विभागणी त्या दिवसांत झाली. ती सोलापूरला शोभली नाही. इथल्या कितीतरी घरांत एक भाऊ शेतावर असतो आणि दुसरा शहरात नोकरीला. तेव्हा चिमणीचा वाद थेट जेवणाच्या ताटापर्यंत आला होता.

१५ जून २०२३ रोजी दुपारी, कडेकोट बंदोबस्तात, स्फोटके लावून ती चिमणी पाडण्यात आली. बुंध्याशी आवाज झाला, काही सेकंदांत ती कलली आणि कोसळली. विमानसेवेच्या समर्थकांनी शहरात आनंद साजरा केला. कारखान्याच्या आवारात माणसे रडली. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, आणि विमानतळाचा इतिहास लिहिताना त्या दोन्ही नोंदवल्या पाहिजेत. पाडणे अपरिहार्य झाले होते, असेच माझे मत आहे. पण पाया खणला जात होता तेव्हा ज्या कचेऱ्या गप्प राहिल्या, त्यांच्यावर या इतिहासात एकही ओळ कुणी लिहिणार नाही. ती इथे लिहून ठेवतो.

चिमणी पडली की दुसऱ्या दिवशी विमान उतरेल असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात दोन वर्षे गेली. धावपट्टीचा पृष्ठभाग, संरक्षक भिंत, टर्मिनलचे नूतनीकरण, अग्निशमन व्यवस्था, सुरक्षा तपासणीची यंत्रे, महासंचालनालयाचा परवाना अशी कामे त्यात होती. परवाना ही औपचारिकता नसते. विमानतळावर ज्या आकाराचे विमान उतरणार, त्या आकाराला पुरेल एवढे पाणी आणि फेस टाकणारे बंब सज्ज असावे लागतात. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना ठरावीक रुंदीची सपाट मोकळी पट्टी असावी लागते. टोकाला विमान घसरून पुढे गेलेच तर थांबायला जागा असावी लागते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे सोलापूर विमानतळाचे उद्घाटन केले. नूतनीकरण झालेल्या टर्मिनलची क्षमता वर्षाला सुमारे ४ लाख १० हजार प्रवासी अशी सांगण्यात आली. उद्घाटन झाले, विमान मात्र आणखी आठ महिने आले नाही. त्या काळात शहरातल्या चहाच्या टपऱ्यांवर कोणते विनोद फिरत होते, ते इथे छापण्याजोगे नाहीत.

९ जून २०२५ रोजी 'फ्लाय ९१' कंपनीचे एटीआर ७२ जातीचे विमान गोव्याहून सोलापूरला उतरले आणि परत गेले. मागणी मुंबईची होती, मिळाला गोवा. हे ऐकून हसणाऱ्यांना त्यामागचे कारण ठाऊक नसते. 'फ्लाय ९१' ही गोव्याच्या मोपा विमानतळावरून काम करणारी कंपनी, तिची विमाने तिथे मुक्कामाला असतात आणि तिथे तिला वेळ मिळतो. मुंबईत वेळ मिळत नाही. सेकंदासेकंदाने विभागलेल्या त्या धावपट्टीवर सत्तर-बहात्तर आसनांच्या विमानाला जागा देणे म्हणजे दोनशे आसनांच्या विमानाची जागा घेणे. पट्टी दोघांनाही जवळजवळ तेवढाच वेळ लागते. 'उडान'च्या सुरुवातीच्या काळात जळगाव, नाशिक, कोल्हापूर या सगळ्यांनाच मुंबईतल्या वेळेसाठी झगडावे लागले ते याचमुळे. होटगी रोडची पट्टी दिवसभर मोकळी, आणि तरीही सोलापूरचे मुंबई विमान अंधेरीच्या पट्टीवरच्या फटीची वाट पाहत थांबलेले. छोट्या शहराचा विमानतळ कसा चालतो, हे अखेर मोठ्या शहराच्या विमानतळावर ठरते.

ती फट सापडली आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सोलापूर-मुंबई सेवा सुरू झाली. तूट भरून काढायला राज्य सरकारने मदत दिली. ही सेवा 'स्टार एअर' या कंपनीची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या संजय घोडावत समूहाची ही कंपनी, म्हणजे मालकी दक्षिण महाराष्ट्रातलीच. ७६ आसनांच्या एम्ब्रेअर १७५ विमानाने ती चालते. त्याच कंपनीने सोलापूर-बंगळूर मार्गही सुरू केला. हवाई अंतरे अशी: गोवा सुमारे ३०० किलोमीटर, मुंबई साडेतीनशेच्या पुढे, बंगळूर सव्वापाचशेच्या आसपास. बंगळूरचे विमान सर्वांत उपयोगी ठरेल असा माझा अंदाज आहे. मुंबईला वंदे भारत आहे, सिद्धेश्वर आहे. बंगळूरला रेल्वेने जायचे तर रात्र मोडते, आणि या शहरातली किती मुले तिथल्या कंपन्यांत आहेत हे प्रत्येक गल्लीला माहीत आहे.

उड्डाणाच्या दिवशी विमानतळावर काम कसे चालते, याची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. विमान येण्याच्या कितीतरी आधी जीप धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. खडा, तारेचा तुकडा, टायरचे रबर, मेलेला पक्षी असे जे सापडेल ते उचलले जाते, कारण इंजिनाला खडाही पुरतो. टर्मिनलमध्ये सामान तपासणी सुरू होते. बंब चालू करून पाहिला जातो. नियंत्रण कक्षातून वाऱ्याची दिशा, वेग, तापमान आणि हवेचा दाब वैमानिकाला कळवला जातो. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते आणि सामोरे जाऊनच उडते, म्हणून १५ की ३३ हे त्या क्षणाचा वारा ठरवतो. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे पट्टीला बराचसा आडवा. तेव्हा आडव्या वाऱ्याची मर्यादा पाहावी लागते. विमान उतरते, टोकाशी वळते, परत येते. एटीआरच्या मागच्या दाराचा पायऱ्यांचा जिना विमानातूनच खाली उघडतो, त्यामुळे हवाई पुलाची गरज नाही. प्रवासी उतरून चालत टर्मिनलमध्ये येतात. अर्ध्या तासाच्या आसपास विमान पुन्हा पट्टीवर असते. इतक्या कमी वेळात विमान फिरवता आले नाही तर छोट्या मार्गांचे गणित बसत नाही.

आणि सोलापूरचा उन्हाळा. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८४ मीटरवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की पंखांच्या दृष्टीने हा विमानतळ सुमारे दीड हजार मीटर उंचीवर जातो. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा वर आणि कळसूबाईच्या शिखराहून थोडासाच खाली! हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेच्या तुलनेत सुमारे चौदा टक्क्यांनी घटलेली असते. विमानाला जमीन सोडायला जास्त वेग आणि जास्त पट्टी लागते, आणि इंजिनाचा जोर मात्र कमी झालेला असतो. वैमानिक रोज हा हिशेब करतो. फारच ऊन असेल तर इंधन किंवा सामान कमी करावे लागते. म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ मोलाची. २,१०० मीटर ही लांबी सत्तरेक आसनांच्या विमानांना पुरेशी आहे. मोठ्या जेट विमानांना भर उन्हात पूर्ण भरून न्यायला ती अपुरी ठरू शकते.

सुरुवात दिवसा उजेडातल्या उड्डाणांनी झाली. रात्रीची सोय झाली की वेळापत्रकाला दुप्पट मोकळीक मिळेल, कारण मुंबईत रात्री उशिरा आणि पहाटे धावपट्टीवर वेळ मिळणे त्या मानाने सोपे. पतंग, भिंतीलगत टाकलेला कचरा, त्यावर येणारे पक्षी या आजच्या अडचणी आहेत. चिमणी पाडायला सरकार लागले. मजरेवाडीच्या गच्चीवरून उडणारा पतंग मात्र भिंतीबाहेरच्या शेजाऱ्यांनाच थांबवावा लागेल. आसपासच्या बांधकामांना आता उंचीचा ना-हरकत दाखला लागतो. तो तपासायचा कोणी, यावर पुन्हा वीस वर्षांनी वाद होऊ नये.

बोरामणीचा प्रश्न उरतोच. हैदराबाद रस्त्यावर बोरामणीला मोठ्या नव्या विमानतळासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने जमीन संपादन केली. पण प्रस्तावित क्षेत्रातली काही जमीन वनखात्याची आहे, आणि हा टापू माळढोक पक्ष्याचा आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरवर घोषित झाले होते, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तेवढ्या क्षेत्रातही माळढोक दिसणे आता दुर्मीळ झाले आहे. ज्या शेतकऱ्यांची जमीन गेली त्यांना विमानतळ दिसलेला नाही, आणि वनखात्याच्या अटी संपलेल्या नाहीत. तोपर्यंत होटगी रोडची धावपट्टी हीच सोलापूरची धावपट्टी. विजापूरचा गोलघुमट पाहायला निघालेला पर्यटक, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर असा फेरा करणारा भाविक, चादर, टॉवेल आणि गणवेशाच्या नमुन्यांची बॅग घेऊन आलेला व्यापारी, हे सगळे याच पट्टीवर उतरत राहतील. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांची पहिली मागणी हैदराबादची आहे, भाविकांची तिरुपतीची. या दोन्ही मार्गांना मुंबईच्या गर्दीतली फट लागत नाही. त्यामुळे पुढचे विमान यांपैकी एखाद्या मार्गावर सुटेल, असे विमानतळाच्या फाटकाबाहेर रिक्षा लावणारेसुद्धा सांगतात.